चौथ्या मजल्यावरची टिटवी

नवी मुंबईला कुणी हिंडायला जात नाही. माणसं तिथं पोटासाठी जातात, लग्नकार्याला जातात, दवाखान्याला जातात. मी गेले होते बहिणीला कायमची गावी आणायला, आणि आले एकटीच. मधल्या दिवसांत काय झालं ते गावात सांगून सांगून तोंड दुखलं. म्हटलं, आता एकदाचं लिहूनच काढू.

आमचं गाव साताऱ्याकडचं. माझी रस्त्याकडेला भाजीच्या रोपांची नर्सरी आहे. वांगी, मिरची, टोमॅटो, कोबी. ऐन मे महिन्यात नर्सरी टाकून जाणं म्हणजे वेडेपणाच, पण आक्काच्या लेकीचा बंगळुराहून रोज फोन यायचा. "मावशी, आईला गावाकडं ने गं. ती जिनाच उतरत नाही."

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. लग्न होऊन कोपरखैरण्याला गेली, तिथंच संसार झाला. दाजी मार्केटात माथाडी, उभा जन्म पाठीवर पोती वाहिली. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर ते गेले, आणि तेव्हापासून आक्का बिल्डिंगीखाली उतरली नव्हती. वर्ष होत आलं होतं. विचारलं की म्हणायची, गुडघे दुखतात. मी नवऱ्याला सांगून निघाले, "दोन दिवसांत तिला घेऊनच येते. ऐकलं नाही तर बखोटीला धरून आणते."

कोपरखैरणे

रिक्षातून उतरले, दोन्ही हातांत पिशव्या, डोक्यावर ऊन. जिन्याकडं वळणार तोच वरून हाक आली.

"नंदे! पिशव्या टोपलीत ठेव गं!"

मान वर केली. चौथ्या मजल्याच्या गॅलरीत आक्का, आणि तिथून दोराला बांधलेली वेताची टोपली डुलत डुलत खाली येत होती. शहरात भाजीवाल्याला असा दोर सोडतात हे मला ठाऊक होतं. पण ही टोपली नुसती भाजीची नव्हती. दूध, औषधं, दळण, लाइटचं बिल, सगळं तिच्यातूनच वर-खाली जायचं. खालच्या दुकानदारानं सांगितलं, "आक्का उतरत नाय ना, टोपलीच उतरते." त्यानं ते अगदी सहज सांगितलं.

माझ्या पिशव्या माझ्याआधी घरात पोचल्या. मी धापा टाकत वर गेले. आक्का वाळली होती. दंडावरची चोळी ढिली झालेली. गळ्यात पडून दोघी पोटभर रडलो, मग तिनं पिठलं आणि तांदळाची भाकरी वाढली. आमच्याकडं ज्वारीची भाकरी. तांदळाची म्हणजे मला दुखणाईताचं जेवण वाटतं. आक्का आता ती खाडीकडच्या बायकांसारखी पातळ थापते. सोबत सुक्या जवळ्याची चटणी होती, ती मात्र मी तीनदा मागून घेतली.

जेवण झाल्यावर मी मुद्द्याला हात घातला. "बांधाबांध कर. परवाच्या गाडीनं निघू."

"आत्ता न्हाय जमायचं."

"का?"

"घरात बाळंतीण हाय."

मी बघतच राहिले. घरात तर काळं कुत्रं नव्हतं. "कुणाची बाळंतीण?"

"चल वर," म्हणाली, आणि गुडघेदुखीवाली माझी बहीण गच्चीचा जिना पोरीसारखी चढून गेली. मी मागून बघत होते. म्हटलं, व्वा! वर जाताना गुडघे बरे, खाली जातानाच काय होतं त्यांना?

गच्ची

गच्चीच्या दुरुस्तीचं काम ठेकेदार अर्धवट टाकून गेला होता. अर्ध्या गच्चीवर बारीक खडी पसरलेली. आक्कानं मला दारातच थांबवलं आणि बोट दाखवलं. मला खडीशिवाय काही दिसेना. तेवढ्यात खडीतूनच एक टिटवी उठली आणि टी-टी-टिव-टी करून तिनं आभाळ डोक्यावर घेतलं.

टिटवी मला नवी नाही. आमच्या माळावर ढिगानं आहेत. उघड्या जमिनीवर अंडी घालणारा पक्षी, ना काडी ना गवत. तरीही ती अंडी मला सापडेनात. आक्कानं हाताला धरून दाखवली तेव्हा दिसली. चार अंडी, टोकं आतल्या बाजूला जुळवलेली, रंग अस्सल खडीचा. मी अजून एक पाऊल टाकलं असतं तर पायाखालीच आली असती.

मग टिटवीनं तिचं नाटक सुरू केलं. एक पंख मोडल्यासारखा लोंबत सोडला आणि लंगडत, फरफटत गच्चीच्या दुसऱ्या टोकाला निघाली. मांजर असो, कुत्रं असो, त्यानं घायाळ पक्ष्याच्या मागं लागावं आणि अंडी सोडावीत म्हणून ही सोंगं. लहानपणी आम्ही दोघी या सोंगामागं मैलभर पळालेल्या. सगळं ठाऊक असून माझे पाय दोन पावलं तिच्या मागं गेलेच. आक्का खुदकन हसली. वर्षभरात तिचं हसू मी पहिल्यांदा ऐकलं.

"पिलं निघूदेत, मग बघू गावाचं," ती म्हणाली.

मी घरी फोन लावला आणि नवऱ्याला सांगितलं, येणं लांबलंय, इथं टिटवीनं चौथ्या मजल्यावर अंडी घातलीत. झालं! आमच्याकडं टिटवीनं ओढ्यात अंडी घातली तर पाऊस कमी, बांधावर घातली तर बरा, टेकाडावर घातली तर धो-धो, असा हिशेब. चौथा मजला म्हणजे? नवऱ्यानं पारावर जाऊन बातमी फोडली. संध्याकाळपर्यंत मला तीन फोन आले. एकानं तर गंभीरपणे विचारलं, "वहिनी, बिल्डिंगीला पाचवा मजला हाय का? तिनं रिकामा ठेवला न्हवं?"

आक्काकडं एक हिराबाई यायच्या. शेजारच्या बोनकोड्याच्या, मूळ गावच्या आगरी. अंगावर ठसठशीत सोनं, बोलणं त्याहून ठसठशीत. आक्कासाठी ताजी मासळी घेऊन त्या टोपलीत टाकत नसत. चार मजले चढून हातात द्यायच्या आणि वर तासभर बसायच्या. त्यांना टिटवी पसंत नव्हती.

"आक्का, हाकल तिला. घरावर टिटवी वरडली का कोनतरी जातं."

आक्का मासे धूत होती. वर न बघताच म्हणाली, "माझ्या घरातलं जायचं ते गेलं, हिराबाय. आता काय न्यायचंय तिला?"

हिराबाई पुढं सरकल्या. पदरानं डोळे पुसले आणि मग स्वतःच बोंबलाला मीठ लावायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघींनी मिळून घोळ घातला. ऊन असं की खडीवर पाय ठरेना. टिटवी चोच उघडी टाकून अंड्यांवर उभी, स्वतःच्या सावलीत अंडी धरलेली. आक्काला बघवेना. तिनं दाजींची काळी छत्री काढली, मी दोन विटा लावल्या आणि अंड्यांवर छान सावली केली. दारामागं जाऊन बसलो, आता ती आशीर्वाद देईल म्हणून.

टिटवी आलीच नाही. पाण्याच्या टाकीवर बसून दोघं नवरा-बायको त्या काळ्या भुताकडं बघत ओरडत राहिली. छत्रीची सावली सरकली, अंडी उन्हात आली, तरी ती येईनात. "अगं ती छत्रीला भ्यालीय!" मी म्हटलं. आक्का अनवाणी धावली, छत्री उपटून आणली. पाय भाजले तिचे. आम्ही श्वास रोखून बसलो. त्या उन्हात अंडी उकडून निघायला कितीसा वेळ?

मग नर आला. थेट अंड्यांवर नाही. आधी आक्कानं त्यांच्यासाठी गच्चीवर भरून ठेवलेल्या पाण्याच्या परातीत बसला, पोट बुडवलं, पिसं चिंब केली आणि ठिबकत ठिबकत येऊन अंड्यांवर टेकला. ओल्या पोटानं अंडी गार करत होता! मी जन्मभर टिटव्या बघितल्या, हे कधी बघितलं नव्हतं. आक्का पुटपुटली, "ह्यांना ताप आला की मी अशाच पट्ट्या ठेवायची." नंतर आम्ही फक्त परात भरत राहिलो. बाकी शहाणपणा बंद.

खाडी

तिसऱ्या दिवशी आक्काशी माझं वाजलं. मी म्हटलं, अंडी टिटवीची आहेत, तुझी नाहीत. तू मला बनवतेयस. ती म्हणाली, तुला नर्सरीची घाई असेल तर जा. मला राग आवरेना. हिराबाई घरी निघाल्या होत्या, त्यांच्याबरोबर मीही तरातरा जिना उतरले.

बोनकोडं म्हणजे टॉवरांच्या मध्ये शिल्लक राहिलेलं गाव. गल्ल्या अरुंद, घरं चार-चार मजली, दारात तुळस आणि बुलेट. हिराबाईंच्या सासऱ्यांची इथं भातखाचरं होती. आता त्यावर रस्ता आहे. तिथून त्या मला रिक्षानं खाडीवर घेऊन गेल्या. ओहोटी लागलेली, समोर चिखलच चिखल. गावात सगळ्यांनी विचारलं, फ्लेमिंगो बघितले का. नाही बघितले. आक्कावर राग असताना गुलाबी पक्षी कोण शोधतंय? मी चिखलाकडं बघत उभी राहिले.

"ह्यो तिवराचा पाला चाटून बघ, बाय."

तिवर म्हणजे खारफुटीचं झाड. चाटला. मिठाची चव! हिराबाई म्हणाल्या, "खारं पानी पितं नि मीठ पानावर टाकून देतं. नायतर मरंल ना." झाडाच्या भोवती चिखलातून बोटाएवढ्या मुळ्या वर निघालेल्या, शेकड्यांनी. खाली चिखलात हवा नाही म्हणून मुळ्याच श्वास घ्यायला वर येतात. माझ्या नर्सरीत मूळ वर दिसलं की मी गड्याला बोल लावते. इथं मूळ वर आलं नाही तर झाड मरेल.

चिखलावर काहीतरी टुणकन उडालं. निवटा. मासा, पण पाण्याबाहेर बसलेला, डोळे टकुऱ्यावर, परांवर रेलून इकडंतिकडं बघतोय. एकमेकांवर धावून जात होते, चिखलात लोळत होते. "अंग वाळलं का मेला, म्हनून लोलतो," हिराबाई म्हणाल्या. "भरती आली का बिलात, ओहोटी लागली का भायेर. त्याचं त्याला कलतं."

आणि एक झाड बघून तर मी खालीच बसले. कांदळ. त्याचं बी झाडावरच रुजतं. शेंगेसारखं लांब हिरवं रोप आईच्या अंगावर लोंबत वाढतं. तयार झालं की सुटतं आणि चिखलात उभं राहतं, नाहीतर पाण्यावर तरंगत दुसरीकडं जाऊन रुजतं. रोपं वाढवणं हा माझा धंदा. ट्रेमधून रोप कधी काढायचं, हे चुकलं की सगळं गेलं. लवकर काढलं तर मान टाकतं, उशीर केला तर मुळं गुंडाळून बसतात आणि मग कुठंच लागत नाहीत.

मी हिराबाईंना विचारलं, "आक्का का उतरत नाही हो? खरं सांगा."

त्या निवट्यांकडं बघत म्हणाल्या, "तुझ्या दाजींना रातच्याला जास्त झालं. लिफ्ट नाय. चार जनांनी खुर्चीत बसवून जिन्यानं उतरवला. गाडीत जागा नव्हती, तर पोरं बोल्ली, आक्का तुमी वर थांबा, आमी फोन करतो. ती गॅलरीत उभी रायली. तो काय परत आला नाय." मग म्हणाल्या, "ती तिथंच उभी हाय, बाय. अजून."

मला रडू फुटलं. सकाळी मी तिला काय काय बोलले होते! परत जाताना तिच्यासाठी चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, घेतल्या. एकीला धरायला गेले तर तिनं नांगी माझ्या बोटाला लावली आणि नांगी माझ्याकडंच सोडून स्वतः विकणारीच्या टोपल्याखाली पसार. "नवी येते तिला," हिराबाई बिनघोर म्हणाल्या. माझं बोट मात्र तसंच ठणकत राहिलं.

पुन्हा गच्ची

अखेर एका सकाळी आक्कानं मला गदागदा हलवून उठवलं. "नंदे, फुटली! तीन फुटली!"

चौथं अंडं वांझ निघालं. पण तीन पिलं, काड्यांसारखे पाय, अंगावर खडीच्या रंगाची लव, आणि अंग सुकतंय न सुकतंय तोवर पळायला लागलेली. चिमणीसारखं घरट्यात बसून चोच उघडणं टिटवीच्या पिलांना माहीत नाही. आई चारत नाही. फक्त नेते आणि राखते. किडामुंगी ज्याची त्यानं टिपायची. आणि त्या तापलेल्या खडीवर किडामुंगी होती कुठं?

नर खाली गेला. बिल्डिंगीशेजारी मोकळा प्लॉट आहे, नाल्याकाठी गवत, चिखल. तिथून तो हाका मारायला लागला. पिलं आवाजाच्या दिशेनं धावली आणि कठड्याला आपटली. मग कठड्याच्या कडेकडेनं धावू लागली. एक पिलू पावसाचं पाणी जायच्या भोकाशी पोचलं. भोकापलीकडं सरळ चार मजल्यांचा पाइप.

आक्का किंचाळली. डोक्याचा पदर ओढला, टर्रकन फाडला आणि बोळे करून एकेक भोक बुजवत सुटली. मी दुसऱ्या बाजूनं तेच केलं, माझ्या नव्या टॉवेलचा बळी देऊन.

"ह्यांना खाली न्यायला पायजे," आक्का म्हणाली. "आजच. उन्हं चढायच्या आत."

"खोक्यात घालून जिन्यानं नेते."

"खुळी हाईस का? आईला दिसली न्हाईत तर ती हितंच हुडकत बसंल." ती थांबली. "जिन्यानं नेलेलं दिसत न्हाय."

 आमच्या दोघींच्या मनात एकदमच आली, गॅलरीतली ती दोराची टोपली. मी पळत जाऊन ती वर आणली.

पिलं पकडणं सोपं नव्हतं. आई ओरडली की ती जागच्या जागी खडीत चिकटून बसतात, श्वासही घेत नाहीत, आणि मग डोळ्यांना दिसतच नाहीत. आम्ही दोघी गुडघ्यांवर बसून तळहातानं खडी चाचपत होतो आणि वरून टिटवी डोक्यावर झेपा टाकत होती. माझ्या अंबाड्याला तिचे पाय लागले. पण त्यातच आमचं काम झालं. आई ओरडत होती तोवर टोपलीतली पिलं हलली नाहीत. तळाशी थोडी खडी टाकली होती. तिन्ही त्यावर चपटी होऊन बसली. आक्का म्हणाली, "वरड बाई, वरड. अशीच वरडत ऱ्हा."

मी धावत खाली गेले. दोर अर्थातच आक्काच्या हातात, वर्षभराचा सराव. वरून टोपली सुटली, तिच्याभोवती टिटवी घिरट्या घालतेय, गॅलऱ्यांतून माणसं मोबाइल धरून उभी, दुकानदार गिऱ्हाईक सोडून बाहेर. टोपली अलगद माझ्या हातांत आली. मी ती प्लॉटच्या कडेला गवतात नेऊन आडवी केली. दोन पिलं बापाच्या हाकेनं गवतात पळाली. तिसरं उलटं फिरलं, रस्त्याकडं, रेतीच्या ढिगाकडं. आई किंचाळली आणि पिलू रेतीत बसलं. संपलं! मला काही केल्या दिसेना.

वरून आक्काचा आवाज आला, "डाव्या हाताला! अगं डाव्या! मांजर!"

बोका भिंतीवरून पोट घासत येत होता. मी हातवारे केले, चप्पल फेकली, चुकली. पाऊल टाकायची भीती, पिलू कुठं आहे कळेना. "हाल नको! पाय नको टाकू!" वरून आरडाओरडा चाललेला. मग तो आवाज एकदम थांबला.

आणि बघता बघता जिन्याच्या दारातून आक्का बाहेर आली. अनवाणी, फाटका पदर कमरेला खोचलेला, हातात खराटा, तोंडानं अशा शिव्या की दाजींनी पोती वाहतानाही दिल्या नसतील. बोक्याला तिनं नाल्यापार पिटाळलं. मग रेतीपाशी वाकली, हात घातला आणि वरून बघून ठेवलेल्या जागेवरून नेमकं पिलू उचललं. गवतात सोडलं. टिटवी लांबवर उतरली, ओरडणं थांबवलं, बारीक आवाजात काहीतरी बोलली आणि तिन्ही पिलं तिच्या पोटाखाली शिरली.

आक्का उभी राहिली. खराट्याकडं बघितलं, पायांकडं बघितलं, मग जिन्याच्या दाराकडं. तिच्या लक्षात आलं ते मला दिसलं. मी जाऊन तिला धरलं.

"नंदे, मी वरच ऱ्हायले गं," ती हुंदके देत म्हणाली. "ह्यांच्या मागं पळायचं सोडून मी वरच ऱ्हायले. म्हटलं, येतील की."

दुकानदारानं खुर्ची आणली, चहा आणला.  आक्का दिवस मावळेपर्यंत खालीच बसली होती. हिराबाई आल्या, तिला खाली बघून रस्त्यातच थबकल्या आणि म्हणाल्या, "मंग माज्या चार मजल्यांचं टेन्शन गेलं म्हनायचं." त्यावर आक्का रडत रडत हसली.

परतल्यावर

गावी येते का, हे मी पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "दिवाळीला येईन. पावणी म्हणून. आत्ता हितं पिलं हाईत." मला राग आला, आणि खरं सांगते, इतका आनंद झाला की रागवायचं राहून गेलं. ती मला गाडीपर्यंत सोडायला आली. टोपली तिनं मला देऊन टाकली, जवळ्याची पुडी घालून. दोर कपडे वाळत घालायला ठेवला.

टोपलीत आता मी मिरचीची रोपं नेते. पाऊस यंदा बेताचाच झाला. पारावर अजून मला विचारतात, तुमच्या चौथ्या मजल्याचं काय झालं म्हणून. विचारूदेत.

परवा संध्याकाळी आक्काला फोन लावला. बराच वेळ उचललाच नाही, माझ्या जिवाचं पाणी झालं. शेवटी उचलला तेव्हा पलीकडून मोठ्ठा टिव-टी, टिव-टी असा गलका.

"अगं, फोन का उचलत नाहीस? कुठं हाईस तू?"

"खाली," आक्का म्हणाली.